एका मशीनवर बिल्ड होतो, दुसऱ्यासाठी अडतो: वेगवेगळे प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीमसाठी कॉन्फिगर करताना नेमकं कुठे बिनसतं

सोर्स तोच, आवृत्ती तीच. इंटेलच्या डेस्कटॉपवर 'कॉन्फिगर' (मशीन तपासून बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) आणि 'मेक' (प्रत्यक्ष बांधणारी आज्ञा) विनातक्रार होतं. तेच एआरएम बोर्डासाठी बांधायला घेतलं की कधी पहिल्या मिनिटातच स्क्रिप्ट "हे मशीन ओळखत नाही" म्हणून थांबते, कधी सगळ्या फाइल्स कंपाइल होऊन शेवटच्या पायरीवर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) अडतो, आणि कधी बिल्ड पूर्ण होतो पण प्रोग्रॅम बोर्डावर सुरूच होत नाही. एकदा निस्तरलं तरी पुढच्या लायब्ररीला पुन्हा तीच रड.

पुन्हा पुन्हा होण्याचं कारण असं की एरर दिसते शेवटी आणि चूक झालेली असते सुरुवातीला. कॉन्फिगर स्क्रिप्ट पहिल्या काही सेकंदांत दोन गोष्टी ठरवते: आपण कोणत्या मशीनवर बांधतोय आणि बांधलेलं कोणत्या मशीनवर चालणार आहे. त्या दोघांची गल्लत झाली की पुढचे सगळे निर्णय चुकीच्या मशीनला विचारून घेतले जातात. म्हणून टर्मिनलच्या तळाशी दिसणारी शेवटची ओळ शोधत बसण्याआधी 'कॉन्फिग.लॉग' उघडा आणि त्याचा वरचा भाग वाचा. कोणती आज्ञा दिली होती, कोणता कंपायलर सापडला, बिल्ड आणि होस्ट काय ठरले, हे सगळं तिथे असतं.

(खाली आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थात रोमन लिपीत टाकायचे.)

बिल्ड, होस्ट, टार्गेट

'--बिल्ड' म्हणजे ज्या मशीनवर कंपायलर चालतोय ते. '--होस्ट' म्हणजे तयार झालेला प्रोग्रॅम जिथे चालणार ते. '--टार्गेट' फक्त कंपायलर, असेंब्लर, डीबगर असल्या साधनांसाठी असतं: ते साधन ज्या मशीनसाठी कोड काढणार किंवा ज्याचा कोड हाताळणार ते मशीन.

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच होते. "मला एआरएमला टार्गेट करायचंय" असं मनात असतं, म्हणून हात '--टार्गेट' लिहितो. साध्या लायब्ररीची कॉन्फिगर स्क्रिप्ट तो पर्याय मुकाट्याने स्वीकारते आणि त्याचं काहीही करत नाही. बिल्ड सुरळीत पार पडतो, फक्त हाती येतो तो इंटेलचाच बायनरी. लायब्ररी किंवा साधा प्रोग्रॅम असेल तर '--टार्गेट' विसरा आणि '--होस्ट' द्या.

'--होस्ट' दिलं आणि '--बिल्ड' दिलं नाही, तर स्क्रिप्ट क्रॉस कंपाइल (एका प्रकारच्या मशीनवर दुसऱ्या प्रकारासाठी बांधणं) आहे की नाही हे स्वतः ताडून बघते. एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल करते आणि चालवते. चालला तर "हे तर इथलंच मशीन" असं धरते. आता मशीनवर क्यूईएमयू-यूजर (परक्या प्रोसेसरचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) बसवलेलं असेल आणि 'बिनएफएमटी'मध्ये (कोणती फाइल कशाने चालवायची याची कर्नलमधली यादी) त्याची नोंद असेल, तर एआरएमचा प्रोग्रॅम इंटेलवरही बिनबोभाट चालतो, आणि स्क्रिप्टचा अंदाज चुकतो. एका लॅपटॉपवर बिल्ड होतो, दुसऱ्यावर नाही, आणि दोन्हीकडे आज्ञा अक्षरशः तीच, असं असेल तर पहिला संशय याचाच घ्या. दोन्ही पर्याय लिहिले आणि ते वेगळे असले की स्क्रिप्ट अंदाज बांधत नाही, सरळ क्रॉस कंपाइल धरते. म्हणून नेहमी दोन्ही द्या:

'./कॉन्फिगर --बिल्ड=एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-ग्नू --होस्ट=एआर्च६४-लिनक्स-ग्नू'

होस्टचं हे नाव स्क्रिप्ट साधनांच्या नावापुढे जोडते: 'एआर्च६४-लिनक्स-ग्नू-जीसीसी', तसंच '-एआर', '-रॅनलिब', '-स्ट्रिप'. त्या नावाचा कंपायलर पाथमध्ये सापडला नाही तर ती थांबत नाही. साधा 'जीसीसी' उचलते आणि एक वॉर्निंग देते, की होस्टचं नाव पुढे नसलेली क्रॉस साधनं वापरतोय. ही ओळ शेकडो 'चेकिंग' ओळींच्या गर्दीत निसटते. एआरएमच्या फोल्डरमध्ये इंटेलच्या ऑब्जेक्ट फाइल्स मिळाल्या तर लॉगमध्ये आधी हीच ओळ शोधा. बहुतेक वेळा कंपायलरचं पॅकेज बसवलेलं नसतं किंवा नावात एखादा शब्द कमीजास्त असतो.

एकाच प्रोसेसरची वेगवेगळी नावं

६४-बिट एआरएमला लिनक्सवर 'युनेम -एम' म्हणतं 'एआर्च६४'. मॅकवर तीच आज्ञा 'एआरएम६४' म्हणते. डेबियनच्या पॅकेजांत आणि गो भाषेत 'एआरएम६४', ग्नूच्या कंपायलर नावात 'एआर्च६४'. इंटेल-एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरला युनेम 'एक्स८६_६४' म्हणतं, डेबियन आणि गो 'एएमडी६४', आणि विंडोजवर सीमेकला (ही दुसरी एक बिल्ड प्रणाली) मिळतं मोठ्या अक्षरांतलं 'एएमडी६४'. बिल्ड स्क्रिप्टमध्ये यांपैकी एकच नाव तपासलं असेल तर बाकी ठिकाणी अट खोटी ठरते आणि कोड गुपचूप सर्वसाधारण, हळू मार्गाने जातो. एररही येत नाही. स्वतःची बिल्ड फाइल लिहिताना सगळी नावं सुरुवातीलाच एका रूपात आणा आणि पुढे तेच एक रूप वापरा.

३२-बिट एआरएममध्ये नावाचं शेपूट महत्त्वाचं असतं. 'ग्नूईएबीआय' आणि 'ग्नूईएबीआयएचएफ' यांत फरक आहे तो दशांश संख्या फंक्शनला कशा दिल्या जातात याचा: पहिल्यात साध्या रजिस्टरमधून, दुसऱ्यात फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरमधून. दोन्ही प्रकारच्या फाइल्स एकत्र आल्या की लिंकर "व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स" अशी तक्रार करतो. त्यावर एखादा फ्लॅग मारून लिंकरला गप्प करू नका. जी लायब्ररी चुकीच्या प्रकारची आहे ती योग्य कंपायलरने पुन्हा बांधा.

'युनेम'वर डोळे झाकून विश्वास ठेवू नये अशा दोन जागा आहेत. काही बोर्डांवर कर्नल ६४-बिट असतो आणि वरची सगळी प्रणाली ३२-बिट. तिथे युनेम 'एआर्च६४' सांगतं, कंपायलर मात्र ३२-बिट कोड काढतो. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर टर्मिनल रोझेटाखाली (इंटेलचे प्रोग्रॅम चालवून देणारी ॲपलची सोय) उघडलेलं असेल तर युनेम 'एक्स८६_६४' सांगतं. खात्री करायची तर कंपायलरलाच विचारा: 'जीसीसी -डम्पमशीन'. तो जे नाव छापेल त्याच मशीनचा कोड तो काढणार आहे.

"मशीन ओळखत नाही"

जुन्या सोर्समध्ये ही एरर हमखास येते. 'कॉन्फिग.गेस' आणि 'कॉन्फिग.सब' या दोन स्क्रिप्ट सोर्ससोबतच येतात, आणि त्या आवृत्तीच्या दिवशी जगात जे प्रोसेसर होते तेवढेच त्यांना माहीत असतात. दोन्हींच्या वरच्या काही ओळींत 'टाइमस्टॅम्प' असतो, त्यावरून त्या किती जुन्या आहेत ते लगेच कळतं. २०१० च्या आसपासची तारीख असेल तर ६४-बिट एआरएम ओळखलं जाणार नाही. रिस्क-व्ही ६४ किंवा लूंगआर्च ६४ साठी तर त्याहून बऱ्याच नवीन प्रती लागतात.

उपाय सोपा आहे: ग्नूच्या 'कॉन्फिग' भांडारातून या दोन फाइल्सच्या ताज्या प्रती घ्या आणि जुन्यांवर टाका. डेबियन कुळात 'ऑटोटूल्स-डेव्ह' पॅकेज बसवलं की त्या '/यूएसआर/शेअर/मिस्क'मध्ये मिळतात. मात्र सोर्सच्या पोटात दुसऱ्या लायब्ररी असतील तर त्यांच्याकडे स्वतःच्या वेगळ्या प्रती असतात. 'फाइंड . -नेम कॉन्फिग.सब' चालवून जिथे जिथे सापडतील तिथे बदला. वरची बदलली आणि आतली राहिली, तर पंधरा मिनिटांनी तीच एरर पुन्हा येते आणि उपाय लागू पडला नाही असं वाटतं.

बरेच जण इथे 'ऑटोरीकॉन्फ -एफआय' चालवतात. चालतं तेव्हा उत्तम, पण ते पूर्ण कॉन्फिगर स्क्रिप्ट नव्याने तयार करतं, आणि जुनी 'कॉन्फिगर.एसी' (स्क्रिप्टचा मूळ मसुदा) नव्या ऑटोकॉन्फशी (त्यातून स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाशी) जमवून घेईलच असं नाही. दोन फाइल्स बदलून भागत असेल तर तेवढंच करावं.

'आरपीएल_मॅलॉक' सापडत नाही

क्रॉस कंपाइलच्या गडबडींतली ही सर्वांत बोलकी, म्हणून जरा थांबून बघू.

सगळ्या फाइल्स कंपाइल होतात आणि लिंकर म्हणतो: 'आरपीएल_मॅलॉक'चा संदर्भ सापडत नाही. सोर्समध्ये शोधलं तर या नावाचं फंक्शन कुठेच नसतं. 'मॅलॉक' असतं, पण 'आरपीएल_मॅलॉक' नाही. मग हे आलं कुठून?

प्रकल्पाच्या 'कॉन्फिगर.एसी'मध्ये मॅलॉकची एक ठरावीक चाचणी घातलेली असते. ती विचारते: शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक रिकामा पत्ता देतं की खरा? याचं उत्तर प्रोग्रॅम चालवूनच कळतं. क्रॉस कंपाइलमध्ये एआरएमचा प्रोग्रॅम इंटेलवर चालवता येत नाही, म्हणून स्क्रिप्ट सावध पवित्रा घेते: "या मशीनचं मॅलॉक धड नाही असं समजू." मग ती 'कॉन्फिग.एच'मध्ये एक डिफाइन टाकते, ज्यामुळे कोडमधलं प्रत्येक 'मॅलॉक' कंपाइल होताना 'आरपीएल_मॅलॉक' बनतं. हे पर्यायी फंक्शन प्रकल्पाने स्वतः पुरवायचं असतं. बहुतेकांनी ते कधी लिहिलेलंच नसतं, कारण नेहमीच्या मशीनवर त्याची गरजच पडत नाही.

ग्लिबसीवर (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) शून्य बाइटचं मॅलॉक खरा पत्ता देतं, हे आपल्याला माहीत आहे. ते स्क्रिप्टला सांगायचं:

'एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=येस ./कॉन्फिगर --बिल्ड=... --होस्ट=...'

'रीअलॉक'साठी अगदी असाच दुसरा चल आहे. तो राहिला की मॅलॉकची एरर जाऊन 'आरपीएल_रीअलॉक'ची येते, म्हणून दोन्ही एकदमच द्या. नवीन ऑटोकॉन्फ होस्टची ऑपरेटिंग सिस्टीम बघून जास्त समंजस अंदाज करतं, तरी जुन्या ऑटोकॉन्फने तयार केलेल्या स्क्रिप्ट अजून भरपूर फिरत आहेत.

'एसी_सीव्ही_'ने सुरू होणारे सगळे चल याच कामाचे: चालवून मिळणारं उत्तर आधीच पुरवणं. एखाद्या चाचणीवर "क्रॉस कंपाइल करताना चाचणी चालवता येत नाही" असं म्हणून स्क्रिप्ट थांबली, तर लॉगमध्ये त्या चाचणीजवळचा चल शोधा, खऱ्या बोर्डावर तो छोटा प्रोग्रॅम चालवून उत्तर घ्या आणि ते द्या. अंदाजाने 'येस' टाकू नका. चुकीचं उत्तर बिल्डमध्ये उघडं पडत नाही, ते चालू प्रोग्रॅममध्ये उघडं पडतं. एकाच बोर्डासाठी बऱ्याच लायब्ररी बांधायच्या असतील तर ही उत्तरं एका 'कॉन्फिग.साइट' फाइलमध्ये ठेवा आणि 'कॉन्फिग_साइट' या एन्व्हायर्नमेंट चलात तिचा पत्ता द्या.

टाइपचा आकार किंवा बाइटचा क्रम विचारणाऱ्या नेहमीच्या चाचण्यांना हा त्रास नसतो. त्या प्रोग्रॅम न चालवता, नुसत्या कंपाइल करून उत्तर काढतात.

लायब्ररी आहे, पण चुकीच्या मशीनची

लिंकर म्हणतो "इनकम्पॅटिबल लायब्ररी वगळतोय" आणि लगेच पुढे म्हणतो "लायब्ररी सापडली नाही". पहिली ओळच खरी बातमी आहे. लायब्ररी सापडली होती, पण ती बिल्ड मशीनची.

दोषी बहुधा 'पीकेजी-कॉन्फिग' (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं साधन) असतं. त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर ते स्वतःच्या मशीनवरच्याच '.पीसी' फाइल्स वाचतं. इथे 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' दिल्याने भागत नाही, कारण ते नेहमीच्या जागांमध्ये भर घालतं, नेहमीच्या जागा सोडत नाही. बोर्डाच्या सिसरूटमध्ये (बोर्डाच्या हेडर आणि लायब्ररींची आपल्या मशीनवरची प्रत) एखादी लायब्ररी नसेल तर ते निमूटपणे इंटेलची उचलतं. द्यायचे ते दोन चल वेगळे: 'पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर' म्हणजे शोधायची एकमेव जागा, आणि 'पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर' म्हणजे मिळालेल्या पत्त्यांपुढे जोडायचा सिसरूट. कॉन्फिगर चालवण्याआधी 'पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज झेडलिब' अशी एक आज्ञा स्वतः देऊन बघा. उत्तरात सिसरूटबाहेरचा '/यूएसआर/लिब' दिसला तर पुढे जाऊ नका.

हेडरच्या बाबतीत हीच चूक जास्त धोकादायक, कारण तिथे लिंकरसारखा पहारेकरी नसतो. फ्लॅगमध्ये '-आय/यूएसआर/इन्क्लूड' शिरला की बिल्ड मशीनचे हेडर वापरले जातात, सगळं कंपाइल होतं, आणि स्ट्रक्चरचे आकार बोर्डाशी जुळत नाहीत.

सीमेक वापरत असाल तर टूलचेन फाइलमध्ये (क्रॉस कंपायलरची माहिती देणारी फाइल) पुढच्या गोष्टी हव्यातच: 'सीमेक_सिस्टम_नेम', 'सीमेक_सिस्टम_प्रोसेसर', सी आणि सी++ चे कंपायलर, 'सीमेक_सिसरूट', आणि शोधण्याचे चार नियम. प्रोग्रॅम शोधायचा नियम 'नेव्हर', लायब्ररी, इन्क्लूड आणि पॅकेजचा 'ओन्ली'. प्रोग्रॅमला 'नेव्हर' एवढ्यासाठी की बिल्डच्या वेळी चालणारी साधनं आपल्याच मशीनवरची हवीत, सिसरूटमधली नव्हे. सिस्टीमचं नाव हाताने दिलं की प्रोसेसरचं नाव सीमेक आपणहून भरत नाही. ते रिकामं राहिलं तर प्रकल्पातल्या "प्रोसेसर अमुक असेल तर" या सगळ्या अटी खोट्या ठरतात.

आणि टूलचेन फाइल पहिल्याच वेळी द्यावी लागते. एकदा कॅश तयार झाल्यावर ती फाइल बदलून पुन्हा सीमेक चालवलं तरी कंपायलर जुनाच राहतो. बिल्ड फोल्डर पुसा, किंवा सीमेक ३.२४ पासून पुढचं असेल तर '--फ्रेश' द्या. ऑटोटूल्सलाही (कॉन्फिगर-मेक पद्धतीलाही) हेच लागू: प्रत्येक मशीनसाठी सोर्सच्या बाहेर वेगळं बिल्ड फोल्डर ठेवा. सोर्समध्येच एकदा कॉन्फिगर झालं असेल तर आधी 'मेक डिस्टक्लीन'. इंटेलच्या उरलेल्या एका ऑब्जेक्ट फाइलपायी "फाइल इन रॉन्ग फॉरमॅट"चा घोळ तासभर चालतो.

बिल्ड स्वतःचाच प्रोग्रॅम चालवू पाहतो

काही प्रकल्प बिल्डच्या मध्येच एक छोटा प्रोग्रॅम बांधतात आणि तो चालवून तक्ते किंवा हेडर तयार करतात. क्रॉस कंपाइलमध्ये तो छोटा प्रोग्रॅमही एआरएमचा बांधला जातो आणि 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन पडतो. तो बिल्ड मशीनच्या कंपायलरने बांधायला हवा. बऱ्याच मेकफाइल्समध्ये त्यासाठी 'सीसी_फॉर_बिल्ड' किंवा 'बिल्ड_सीसी' असा चल असतो, तिथे साधा 'जीसीसी' द्या. चल नसेल तर सोर्स आधी आपल्या मशीनसाठी एकदा बांधा आणि तयार झालेलं साधन क्रॉस बिल्डला पुरवा. क्यूईएमयूने तो चालवून वेळ मारून नेता येते, पण मग वर सांगितलेला '--बिल्ड'चा नियम कटाक्षाने पाळा.

बांधला, पण सुरू होत नाही

इथे चार वेगळ्या एरर येतात आणि चारींची कारणं वेगळी.

'एक्झेक फॉरमॅट एरर': प्रोसेसरच वेगळा. 'फाइल' किंवा 'रीडएल्फ -एच' चालवून 'मशीन'ची ओळ वाचा.

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', आणि फाइल तर समोर दिसतेय. सापडत नाहीये ती तुमची फाइल नाही, तिला सुरू करून देणारा लोडर आहे. 'रीडएल्फ -एल'मध्ये 'इंटरप्रिटर'ची ओळ बघा. तिथे 'एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१' लिहिलेलं असेल आणि बोर्डावर मसल (दुसरी एक सी लायब्ररी) वापरणारी प्रणाली असेल, उदाहरणार्थ अल्पाइन, तर हेच होणार. मसलचा लोडर वेगळा, 'एलडी-मसल-एआर्च६४.एसओ.१'. एकाच्या नावाने दुसऱ्याची लिंक तयार करण्याचा जुगाड करू नका. होस्टचं नाव 'एआर्च६४-लिनक्स-मसल' देऊन त्या कंपायलरने पुन्हा बांधा. या तपासात 'एलडीडी' उपयोगी नाही: परक्या प्रोसेसरच्या फाइलला ते "डायनॅमिक एक्झिक्युटेबल नाही" असं सांगून मोकळं होतं. कोणत्या लायब्ररी लागतात ते 'रीडएल्फ -डी'मधल्या 'नीडेड' ओळींत वाचा.

'ग्लिबसी_२.३४ सापडत नाही': बांधलं नव्या प्रणालीवर, चालवलं जुन्या. ग्लिबसी जुन्या प्रोग्रॅमना सांभाळून घेते, उलटं होत नाही. २.३४ हा आकडा वारंवार दिसतो याला कारण आहे. ऑगस्ट २०२१ च्या त्या आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा आवृत्तीक्रमांक मिळाला. त्यामुळे त्यावर किंवा त्यापुढच्यावर नेहमीच्या पद्धतीने लिंक केलेला अगदी रिकामा 'मेन'सुद्धा २.३४ मागतो. जिथे चालवायचं आहे त्यांतली सर्वांत जुनी प्रणाली निवडा आणि तिच्या कंटेनरमध्ये किंवा सिसरूटवर बांधा. नवी 'लिबसी' जुन्या मशीनवर कॉपी करू नका, सगळी प्रणाली कोलमडेल. ग्लिबसी पूर्ण स्टॅटिक लिंक करण्यातही खोच आहे: होस्टनावावरून पत्ता काढणारी फंक्शन्स चालताना तरीही त्याच आवृत्तीच्या शेअर्ड लायब्ररी मागतात.

'इल्लीगल इन्स्ट्रक्शन', एक्झिट कोड १३२: प्रोसेसरचं कुटुंब बरोबर, पिढी चूक. बहुधा '-मार्च=नेटिव्ह' (बांधणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरसाठी कोड काढायला सांगणारा फ्लॅग) कुठून तरी शिरलेलं असतं, कधी शेलमधल्या 'सीफ्लॅग्ज'मधून, कधी प्रकल्पाच्याच रिलीज सेटिंगमधून. इथे एक समज दुरुस्त करायला हवी. कॉन्फिगरमधली "कंपायलर एव्हीएक्स२ (इंटेलच्या काही वेगवान सूचनांचा संच) चा फ्लॅग घेतो का" ही चाचणी फक्त कंपायलरबद्दल सांगते, प्रोसेसरबद्दल नाही. हो आलं म्हणजे ज्याच्याकडे प्रोग्रॅम जाईल त्याच्या मशीनमध्ये एव्हीएक्स२ आहे असं होत नाही. 'एक्स८६-६४-व्ही३' या पातळीत एव्हीएक्स२, एफएमए आणि बीएमआय गृहीत धरलेलं असतं. सगळ्यांना द्यायचा बायनरी असेल तर मूळ 'एक्स८६-६४' धरा आणि वेगवान फंक्शन्स वेगळ्या फाइलमध्ये ठेवून चालताना प्रोसेसर तपासून निवडा. एआरएमवर 'एआरएमव्ही८-ए' हा सुरक्षित पाया. रास्पबेरी पाय ४ चा कॉर्टेक्स-ए७२ हा ८.० चा आहे, त्यात ८.१ मधल्या ॲटॉमिक (मध्येच न तुटता पूर्ण होणाऱ्या) सूचना नाहीत आणि त्या बोर्डावर एईएसच्या क्रिप्टो सूचनाही नाहीत. नेमकी कोणती सूचना नडली ते जीडीबी डीबगरमध्ये 'एक्स/आय $पीसी' दिलं की समोर येतं.

ॲटॉमिकचा विषय निघालाच आहे तर लिंकरची आणखी एक एरर: '__ॲटॉमिक_लोड_८' सापडत नाही. काही ३२-बिट प्रोसेसरवर ८ बाइटचं ॲटॉमिक काम एका सूचनेत होत नाही, म्हणून कंपायलर ते लायब्ररीकडे सोपवतो. लिंकच्या शेवटी '-एलॲटॉमिक' जोडा. जुन्या जीसीसीवर रिस्क-व्हीला १ आणि २ बाइटच्या ॲटॉमिकसाठीही हेच लागायचं.

सुरू होतो, पण चुकीचं वागतो

इंटेलवर वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्रॅम एआरएम लिनक्सवर सुरू होताच शंभर टक्के प्रोसेसर खात लटकतो. कोडमध्ये बघावं तर कमांड लाइन वाचणारा लूप असा असतो:

'कॅर सी; व्हाइल ((सी = गेटऑप्ट(...)) != -१)'

पर्याय संपले की 'गेटऑप्ट' -१ देतं. इंटेलवर 'कॅर' चिन्हासह असतो, -१ हा -१ च राहतो आणि लूप थांबतो. एआरएम लिनक्सवर 'कॅर' बिनचिन्हाचा. तिथे -१ साठवला की २५५ होतो, २५५ कधीच -१ बरोबर होत नाही, आणि लूप संपतच नाही. रिस्क-व्ही आणि पॉवरपीसीच्या लिनक्सवरही 'कॅर' बिनचिन्हाचाच. ॲपलच्या एआरएमवर मात्र तो चिन्हासह असतो, म्हणून "एआरएम मॅकवर चाचणी केली, चाललं" हा पुरावा लिनक्स बोर्डासाठी कामाचा नाही.

खरा उपाय म्हणजे तो चल 'इंट' करणं. '-एफसाइन्ड-कॅर' ही तात्पुरती मलमपट्टी, आणि ती केली तर प्रकल्पातल्या प्रत्येक फाइलला तोच फ्लॅग द्या. असे लूप शोधायला '-डब्ल्यूएक्स्ट्रा' लावून कंपाइल करा: "तुलना नेहमी खरीच ठरते" अशी वॉर्निंग कंपायलर स्वतः देतो.

दुसरी जागा मेमरी पेजचा आकार. इंटेलवर तो ४ केबी, ॲपल सिलिकॉनवर १६ केबी, आणि ६४-बिट एआरएम लिनक्सवर कर्नल कसा बांधला त्यावरून ४, १६ किंवा ६४ केबी. ज्याने ४०९६ हा आकडा कोडात पक्का केला त्याचे 'एममॅप' (मेमरी मागण्याचे कॉल) इतरत्र फसतात. जेमॅलॉक (मेमरी वाटणारी लायब्ररी) तर पेजचा आकार बिल्डच्या वेळीच ठरवून टाकतं. ४ केबीवर बांधलेलं ६४ केबीच्या कर्नलवर "सिस्टीमचा पेज साइज चालत नाही" म्हणून थांबतं. बांधताना '--विथ-एलजी-पेज=१६' द्या. २ चा १६ वा घात म्हणजे ६४ केबी. मोठ्या पेजसाठी बांधलेलं लहान पेजच्या कर्नलवर चालतं, उलट नाही.

मॅक आणि विंडोज

मॅकवर दोन्ही प्रोसेसरचा एकत्र बायनरी हवा असेल तर 'सीमेक_ओएसएक्स_आर्किटेक्चर्स'मध्ये दोन्ही नावं द्या. मात्र 'सीमेक_सिस्टम_प्रोसेसर'मध्ये तेव्हाही एकच नाव असतं, बिल्ड करणाऱ्या मशीनचं. त्यावरून एसएसई (इंटेलच्या) किंवा निऑनच्या (एआरएमच्या) वेगवान सूचनांच्या फाइल निवडणारा प्रकल्प इथे तुटतो. अशा वेळी दोन वेगळे बिल्ड करा आणि 'लिपो -क्रिएट'ने जोडा, मग 'लिपो -इन्फो'ने दोन्ही आत आहेत ना ते बघा. जुन्या मॅकओएसवर चालायला हवं तर 'मॅकओएसएक्स_डिप्लॉयमेंट_टार्गेट' प्रकल्पाइतकंच त्याच्या प्रत्येक लायब्ररीच्या बिल्डलाही द्यावं लागतं.

लिनक्सवरून विंडोजसाठी मिंगडब्ल्यूने (विंडोजचे प्रोग्रॅम बनवणारी जीसीसीची साधनं) बांधताना होस्ट 'एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२'. शेवटचं ३२ बघून बिचकू नका, ६४-बिटचंही हेच नाव आहे. '_विन३२' हा मॅक्रोही ६४-बिट विंडोजवर लागू असतो, त्यावरून बिट ठरवू नका. 'विंडोज.एच' मोठ्या डब्ल्यूने लिहिलं असेल तर लिनक्सवर ते सापडत नाही, कारण मिंगडब्ल्यूच्या हेडरचं नाव लहान अक्षरांत आहे. विंडोजवरून आणलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत असेल तर ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटला आहे. 'डॉसटूयुनिक्स' चालवा आणि गिटमध्ये त्या फाइलला 'ईओएल=एलएफ' लावून टाका.

आणि ६४-बिट विंडोजवर 'लाँग' ४ बाइटचाच असतो, लिनक्स आणि मॅकवर ८. पॉइंटर 'लाँग'मध्ये ठेवणारा कोड विंडोजवर त्याचा वरचा अर्धा भाग कापून टाकतो, आणि तो अर्धा भाग शून्य असेपर्यंत प्रोग्रॅम ठीक चालतोय असंच वाटत राहतं. तिथे 'युइंटपीटीआर_टी' वापरा, आणि फाइलच्या जागा व आकारांसाठी 'इंट६४_टी'.